मिडलचं बटण

दादानं ते मशीन घरी आणलं तेव्हा आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. कर्जत स्टेशनवरून हातगाडी करून त्यानं सगळं सामान आणलं होतं, गोणपाटात गुंडाळून, वर सुतळी बांधून. हातगाडीवाल्यानं आणि दादानं मिळून आधी एक मोठं लाकडी खोकं उतरवलं. मग काळ्या रेक्झिनची एक लांबट पेटी उतरवली. ती खोक्यापेक्षा बरीच लहान होती, पण दोघांनाही ती उचलताना दम लागला. गिटार मात्र दादानं गाडीवर ठेवलीच नव्हती. ती त्याच्या खांद्याला होती.

आईनं सूप बाजूला ठेवलं. "शिलाई मशीन हाय का रं?"

"नाय गं. गाण्याचं मशीन हाय."

"गाण्याला पेटी हाय की आपली."

आमच्या घरात पेटी म्हणजे बाबांची बाजाची पेटी. बाबा रेल्वेत होते. ड्यूटी संपली की अंघोळ करून ते पेटी घेऊन बसायचे. आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, याची गायन पार्टी होती. मामा गायचा, बाबा पेटी वाजवायचे, वस्तीतले दोघे ढोलकी आणि बेंजो सांभाळायचे आणि मागच्या कोरसात मी आणि माझ्या दोन चुलत बहिणी. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, लग्नाला आमची पार्टी कर्जत-खालापूरच्या गावागावांतून जायची. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा दादा रांगत होता आणि माझा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे आम्हा दोघांना कळायला लागलं ते या गाण्यांच्या आवाजातच.

दादा मधली काही वर्षं मुंबईत एका वर्कशॉपमध्ये काम शिकत होता. तिथं त्याच्या खोलीशेजारी गोव्याकडचे एक वयस्क गृहस्थ राहायचे. दादा त्यांना अंकल म्हणायचा. ते हॉटेलातल्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचे. दादा रोज त्यांच्या दाराशी जाऊन बसायचा, तर एक दिवस त्यांनी त्याच्या हातात गिटार दिली आणि बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. पुढे त्यांचा बँड मोडला, ते मुलाकडे परदेशी निघाले आणि जाताना गिटार, मशीन आणि स्पीकरचं खोकं असं सगळं दादाला देऊन गेले. त्याच सुमारास दादाला खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि तो घरी परत आला.

संध्याकाळी मामा आला. त्यानं गिटारीकडे बघितलं आणि म्हणाला, "हिच्या दोन तारा कुठं गेल्या?"

"बासला चारच असतात मामा."

"आणि आवाज?"

"जाड. गाण्याच्या खालनं चालतो."

"गाण्याच्या खाली ढोलकी हाय ना आपली," मामा म्हणाला. पण तो बसला. त्यालाही बघायचंच होतं.

दादानं मला हाक मारली. घरात इंग्रजी वाचणारे आम्ही दोघंच, म्हणून गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या त्या काळ्या मशीनवरची अक्षरं वाचायचं काम माझ्याकडे आलं. समोर चंदेरी पट्टी होती. डावीकडे गिटारीची वायर घालायला दोन भोकं. एकात घातली की आवाज मोकळा यायचा, दुसऱ्यात घातली की जरा दबून. जोरकस गिटारीसाठी ते दुसरं भोक, असं दादा म्हणाला. मग ओळीनं चार बटणं: व्हॉल्यूम, बास, मिडल, ट्रेबल. शेवटी दोन खटके आणि एक लाल दिवा. एका खटक्यावर पॉवर लिहिलं होतं, दुसऱ्यावर स्टँडबाय.

"आता नीट ऐक," दादा म्हणाला. "आधी स्पीकरची वायर लागलीय का ते बघायचं. ती नसेल तर मशीनला हातच लावायचा नाय. मग पॉवर. मग थांबायचं. आतले व्हॉल्व्ह तापले की मगच स्टँडबायचा खटका."

"आणि स्पीकर न लावता चालू केलं तर?"

"मशीनची ताकद बाहेर जायला वाट लागते. वाट नसली की ती आतच जळते. अंकलनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

मी पॉवरचा खटका दाबला. लाल दिवा लागला. मागच्या जाळीतून बघितलं तर काचेच्या नळ्यांमध्ये केशरी उजेड हळूहळू येत होता. तापलेल्या धुळीचा वास आला. आम्ही सगळे त्या नळ्या तापायची वाट बघत होतो. मला आठवतं, आईसुद्धा चुलीवरचं सोडून दारात येऊन उभी राहिली होती.

दादानं पहिली तार छेडली आणि मांडणीवरची भांडी वाजली. आई म्हणाली, "बाई गं!" आणि धावत जाऊन तिनं तांब्यांवर हात ठेवला. शेजारच्या काकू बाहेर येऊन विचारायला लागल्या, भूकंप झाला का म्हणून. मामा मोठ्यानं हसला. पण बाबा हसले नाहीत. त्यांनी पेटी जवळ ओढली, एक सूर धरला आणि म्हणाले, "याच्यात मिळव."

दादानं मिळवला. बाबांच्या पेटीचा सूर मी जन्मापासून ऐकत होते. त्याच्याखाली असं काही येऊन उभं राहील असं मला कधी वाटलं नव्हतं. मला तो आवाज कानापेक्षा आधी पायाला लागला, शेणानं सारवलेल्या जमिनीतून.

पहिल्या कार्यक्रमात मात्र फजिती झाली. नेरळजवळच्या एका वस्तीत लग्न होतं. दुपारी लग्न लागलं आणि जेवणं झाल्यावर गाणी. मोकळ्या मैदानात मंडप होता. मैदानात ऐकू जायला हवं म्हणून दादानं बासचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि व्हॉल्यूमही चढवला. झालं असं की मंचाच्या फळ्या घुमायला लागल्या, ढोलकी न वाजवताच गुणगुणायला लागली आणि समोरच्या लोकांना मामाचं गाणं ऐकूच येईना. मागून कुणीतरी ओरडलं, "अरं ते ट्रॅक्टर बंद करा!"

परत येताना टेंपो कर्जतला पोचला तेव्हा मामा म्हणाला, "माझं अक्षर न् अक्षर बुडालं आज. लोक शब्द ऐकायला येतात रं. आपल्या गाण्यात शब्दच तर हाय."

दादाला ते फार लागलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यानं सगळं सामान विहारापुढच्या अंगणात नेलं. विहारात वीज होती, आणि अंगणापलीकडे भाताची खाचरं पसरलेली होती, कापणी झालेली, रिकामी. तो मला म्हणाला, "तू त्या टोकाच्या बांधावर जाऊन उभी राहा. मी वाजवतो. नीट ऐकू आलं तर ओढणी वर कर. नाय आलं तर खाली."

मी बांधावर जाऊन उभी राहिले. तिथवर काही पोचत होतं, पण ते नुसतं धुम् धुम् होतं, कुणीतरी लांबवर कपडे धोपटावेत तसं. सूर कोणता, काही कळेना. मी ओढणी खाली केली. दादानं बटणं फिरवली, पुन्हा वाजवलं. पुन्हा खाली. शेजारच्या खाचरात एक शेतकरी काका बैलांना चारायला घेऊन आले होते. बराच वेळ ते माझ्याकडे बघत होते. शेवटी जवळ आले.

"काय गं पोरी, कापणी झाल्यावर पाखरं हाकतेस व्हय?"

"नाय काका. गिटार ऐकते."

त्यांनी कान देऊन ऐकलं. "ही गिटार हाय?" म्हणाले, आणि मान हलवत बैलांकडे गेले.

मग कधीतरी एकदम तो आवाज उघडला. धुमधुम कमी झाली आणि सूर कळायला लागले. हा वरचा, हा खालचा, आता इथून तिथं गेला. मी ओढणी उंच धरली आणि नाचवली. धावत अंगणात आले तर दादा तोंड वाकडं करून बसला होता.

"बास कमी केलं आणि मिडल वाढवलं," तो म्हणाला. "पण हे तर बेकार वाजतंय गं. नाकात बोलल्यासारखं."

"तिकडं चांगलं ऐकू येतंय."

"माझ्या कानाला बरं वाटत नाय."

"तुझ्या कानाजवळ कोण बसणार हाय दादा? माणसं तिकडं बसतात."

त्याचा विश्वास बसेना. "मी जातो बांधावर. तू ही तार वाजवत राहा. नुसती छेडायची, बोटं दाबायची नाय." त्यानं गिटार माझ्या गळ्यात अडकवली आणि खाचरात उतरला. मी जाड तारेवर अंगठा मारला. ती गिटार माझ्या पोटाला टेकलेली होती आणि तार हलली की माझ्या अंगात काहीतरी हलायचं. बांधावर दादा उभा राहिला, डोकं एका बाजूला कलतं करून. बराच वेळ ओढणीसारखा त्यानं आपला रुमाल वर केला नाही. मग केला. तरी मी वाजवतच राहिले. त्याला ओरडून सांगावं लागलं, "पुरे!"

त्यानंतर आमचं ठरूनच गेलं. कुठंही कार्यक्रम असला की गाणी सुरू व्हायच्या आधी मी गर्दीच्या शेवटी जाऊन उभी राहायची आणि हातानं खुणा करायची, आणि दादा बटणं लावायचा. मैदान असलं तर बास कमी. घराच्या पडवीत असलं तर त्याहून कमी. पत्र्याचा मांडव असला तर ट्रेबलला अजिबात वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर पत्रा किणकिणतो. मामाचे शब्द आता बुडत नव्हते. उलट तो म्हणायला लागला, की खालून आधार असला की मला श्वास घ्यायला जागा मिळते. मीही दरम्यान शिक्षिका झाले होते. कळंबच्या बाजूला एका गावात प्राथमिक शाळेवर माझी नेमणूक झाली होती. सकाळी एसटीनं जायची, संध्याकाळी परत.

आणि मग दादाचा हात गेला.

कारखान्यात तो रोलरवर होता. काय झालं ते त्यानं आम्हाला कधी नीट सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. डाव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं अडकली. मी शाळेतून घरी आले तर घराला कुलूप होतं. काकूंनी सांगितलं, सगळे दवाखान्यात गेलेत. मी पोचले तेव्हा त्याच्या हाताला मोठं पांढरं बांधलेलं होतं आणि तो छताकडे बघत होता. बाबा बाकावर बसले होते, रेल्वेच्या खाकी कपड्यांतच. डॉक्टरांनी दोन्ही बोटं मुळाशी काढली होती.

आई रडत होती, तर दादा तिला म्हणाला, "उजवा हात हाय ना गं. जेवता येईल." तो हे इतक्या शांतपणे म्हणाला की मला भीती वाटली.

गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात सूर शोधतो. तारा दाबतो. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

तो घरी आला. कारखान्यानं त्याला रोलरवरून काढून भांडारात बसवलं. काम हलकं होतं. तो वेळेवर जायचा, वेळेवर यायचा, जेवायचा. आईनं मशीनवर जुनी चादर टाकून ठेवली होती. त्या बाजूला तो बघायचाच नाही. पार्टीच्या कार्यक्रमाला यायचंही त्यानं सोडलं. मामा एकदा बोलायला आला तर म्हणाला, "ते सामान देऊन टाक मामा कुणाला. जागा अडलीय." मामानं बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "जागा माझ्या घराची हाय. मला अडत नाय." विषय तिथं संपला.

मी गिटार हातात कधी घेतली ते सांगता येणार नाही. म्हणजे असा काही ठरवलेला दिवस नव्हता. शनिवारी शाळा सकाळची असायची आणि दुपारी घरात कुणी नसायचं. दादा कारखान्यात, बाबा ड्यूटीवर, आई बाजारात. मी आधी नुसती तिच्यावरची धूळ पुसली. मग मांडीवर घेतली. मशीन न लावता ती गिटार जवळजवळ मुकीच असते, पण लाकडाला कान लावला की ऐकू येते. मी तसं कान लावून पेटीचे सूर शोधायला लागले. सा सापडला, मग प. दादाची बोटं मी इतकी वर्षं बघितली होती की कुठं जायचं ते ठाऊक होतं, फक्त माझी बोटं तिथं पोचत नव्हती. तारा जाड होत्या. बोटांची टोकं सोलली. शाळेत खडू धरताना झोंबायचं.

पावसाळा गेला. एका शनिवारी मी चादर काढली, स्पीकरची वायर बघितली, पॉवर लावली, थांबले, आणि स्टँडबायचा खटका दाबला. व्हॉल्यूम अगदी कमी ठेवला. मामाचं एक नेहमीचं गाणं मनात म्हणत मी त्याच्या खालून चालायला लागले. पहिल्यांदाच मला ते न अडखळता जमत होतं. दुसरं कडवं आलं आणि मला वाटलं, मागं कुणीतरी आहे.

दादा दारात उभा होता. त्या दिवशी कारखाना लवकर सुटला होता. हातात डबा तसाच.

"बंद कर," तो म्हणाला.

मी स्टँडबाय बंद केला. मग पॉवर. लाल दिवा गेला. तो आत गेला, हातपाय धुतले आणि मागच्या दारानं नदीकडे निघून गेला. संध्याकाळी परत आला तो जेवायला बसलाच नाही. आईनं मला विचारलं, मी सांगितलं. आई म्हणाली, "त्याला त्रास होत असंल तर नको वाजवूस गं." आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "पण मला बरं वाटलं असतं ऐकायला."

मी पुढचा शनिवार गिटारीला हात लावला नाही. त्याच्या पुढचाही. मला राग आला होता. कुणाचा ते कळत नव्हतं. दादावर रागवावं असं त्यानं काय केलं होतं? त्याची वस्तू मी न विचारता घेतली होती, हेही खरं होतं. पण त्या दुसऱ्या कडव्यात मला जे सापडलं होतं, ते माझं होतं. ते मी कुणाच्या बोटांतून काढून घेतलेलं नव्हतं.

मग एका रविवारी आम्ही सगळे जेवत होतो. दादा भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू घाई करतेस."

"कसली?"

"समेवर. ढोलकी यायच्या आधीच तू पोचतेस. बासनं ढोलकीबरोबर पाय टाकायचा. आधी नाय, मागनं नाय."

मी म्हणाले, "पुन्हा वाजवून दाखवू?"

"जेव आधी," तो म्हणाला.

जेवण झाल्यावर त्यानं स्वतः चादर काढली. घडी घालून आईकडे दिली. मशीनच्या शेजारी पाटावर बसला. मी वाजवायला लागले, बाबांनी मांडीवर ताल धरला. दादाचा डावा हात मांडीत होता, झाकलेला. थोड्या वेळानं त्यानं उजवा हात पुढं केला आणि मिडलचं बटण जरासं फिरवलं. मग ट्रेबल थोडं खाली. माझा आवाज बदलला. तोपर्यंत मी वाजवत होते ते दादासारखं वाजावं म्हणून धडपडत होते. त्यानं स्वतःच्या हातासाठी लावलेली बटणं बदलून माझ्या हाताला जुळतील अशी लावली.

"तुझं बोट हलकं पडतं," तो म्हणाला. "तुला बास थोडं जास्त लागणार. आणि वायर मोकळ्या भोकात घाल."

जयंती जवळ आली तेव्हा मामा अडून बसला. कार्यक्रम कळंबला होता, माझ्या शाळेच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. मामा म्हणाला, "बाई गाते ते लोकांना चालतं. पण ही तिथली मास्तरीण हाय. गळ्यात गिटार अडकवून मंचावर उभी राहिली तर उद्या पोरांचे आईबाप काय बोलतील?"

बाबा म्हणाले, "काय बोलतील?"

"ते मला कसं ठाऊक?"

"मग बोलू दे की आधी. मग बघू."

दादा म्हणाला, "मामा, तूच म्हणायचास ना, खालनं आधार असला की श्वास घ्यायला जागा मिळते. आधार कोण देतो ते लोकांना मागून दिसतपण नाय."

"दिसतं रं. सगळं दिसतं," मामा म्हणाला. पण शेवटी तो मला म्हणाला, "साडी नेस. आणि माझ्याकडं बघत वाजव. लोकांकडं बघू नकोस."

त्या दिवशी आम्ही ऊन उतरायच्या आत पोचलो. दादानं आधी जमिनीत लोखंडी सळई ठोकली, तिच्या मुळाशी मीठ आणि पाणी ओतलं आणि मशीनची एक वायर तिला बांधली. त्याआधी एकदा एका गावात गिटारीला हात आणि माइकला ओठ लागल्यावर त्याला चांगलाच शॉक बसला होता. मला तो बसू नये म्हणून त्यानं ते इतक्या बारकाईनं केलं, की मंडळाची माणसं गोळा होऊन बघायला लागली. मग गर्दीच्या शेवटी जाऊन उभं राहायचं काम त्यानं घेतलं. मी मंचावर तार छेडत होते आणि तो लांबून, आंब्याच्या झाडाखालून, उजव्या हातानं खुणा करत होता.

त्याच्या खुणांप्रमाणे बटणं लावून झाली तसा तो मंचावर येऊन मशीनपाशी बसला. पहिली दोन गाणी मला काही आठवत नाहीत. मामाच्या मानेवरची शीर तेवढी आठवते, कारण मी तिच्याकडेच बघत होते. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर मंचावर हार घेऊन कुणीतरी चढलं आणि त्याच्या पायात स्पीकरची वायर अडकली. ती निघाली. माझा आवाज एकदम नाहीसा झाला. मी घाबरून दादाकडे बघितलं. तो मशीनपाशी होता आणि त्याचा हात स्टँडबायच्या खटक्यावर आधीच पडलेला होता. मशीन वाचलं होतं. त्यानं तोंडानं मला सांगितलं, "वाजवत राहा."

मी वाजवत राहिले. माझं मला काही ऐकू येत नव्हतं. ढोलकी होती, बाबांची पेटी होती, मामा गातच होता, आणि माझी बोटं मुक्या तारांवर चालत होती. दादा वाकून वायर बसवत होता, दोन्ही हातांनी. उरलेल्या बोटांनी त्यानं ती दाबून धरली होती आणि उजव्या हातानं आत सारत होता. इतक्या माणसांपुढे तो डावा हात त्यानं बाहेर काढलेला मी पहिल्यांदा बघितला. मग त्यानं मान वर केली, ढोलकीकडे बघितलं, वाट बघितली, आणि सम आली तसा खटका दाबला. आवाज बरोबर तिथं आला. मामानं मागं वळून बघितलं आणि पुढची ओळ इतक्या जोरात उचलली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे.

कार्यक्रम संपल्यावर माझ्या शाळेतल्या दोन मुलींच्या आया मंचापाशी आल्या. मी मनाची तयारी केली. त्यांतली एक म्हणाली, "बाई, ती जाड तार आमी वाजवून बघू का?" मी गिटार पुढं केली. तिनं तार ओढली, स्पीकर हुंकारला आणि ती मागं सरकून खळखळून हसली. मामा बघत होता. त्यानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मी काही वर्षं वाजवलं. लग्न होऊन खालापूरला गेले तरी जयंतीच्या दिवसांत दादा मला घ्यायला यायचा. सासूबाईंना आधी ते आवडलं नव्हतं. माझे यजमान फार बोलणारे नव्हते, पण कार्यक्रमाच्या दिवशी मुलाला ते सांभाळायचे आणि तेवढं मला पुरे होतं. दादानं कारखाना सोडून स्वतःचा लाउडस्पीकरचा धंदा सुरू केला. तालुक्यात त्याचं एक वेगळंच नाव झालं. इतर लाउडस्पीकरवाले सामान लावून मशीनपाशी बसायचे. हा सगळ्यात मागं जाऊन, म्हाताऱ्या माणसांत बसून ऐकायचा आणि उठून बटणं लावायचा.

ते जुनं मशीन शेवटी गेलं. दादा आजारी असताना दुसऱ्या एका पार्टीनं ते मागून नेलं आणि त्यांच्यातल्या कुणीतरी स्पीकर न लावताच चालू केलं. आतलं जळलं. दादानं ते उघडून बरेच दिवस खटपट केली. तसे व्हॉल्व्हही आता मिळत नव्हते. मग त्यानं नवीन, ट्रान्झिस्टरचं आणलं. हलकं, एका हातानं उचलण्यासारखं, आणि समोर बटणांऐवजी वर-खाली सरकवायच्या खिट्ट्यांची रांग. तापायची वाट बघावी लागत नाही, याचं त्याला कौतुक होतं. मला ते कोरडं वाटायचं. त्याच सुमारास पार्टीत नवीन पोरं आली, त्यांनी विजेची कीबोर्ड पेटी आणली, आणि बासचे सूर त्याच पेटीवर डाव्या हातानं वाजू लागले. मला कुणी नको म्हटलं नाही. बोलावणं हळूहळू कमी झालं. मी शाळेत गुंतले होते, मुलं मोठी होत होती, आणि खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटलं नाही.

नंतर एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी कर्जतला गेले. दुपारची वेळ होती. अंगणात शिरताना मला तो आवाज आला, जाड, अडखळता. मला वाटलं, कुणाला तरी शिकवतोय. ओटीवर दादा एकटाच बसला होता. गिटार त्यानं उलटी धरली होती. तारा काढून उलट्या क्रमानं लावल्या होत्या. उजव्या हातानं तो तारा दाबत होता आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं छेडत होता.

मी पायरीवर तशीच उभी राहिले. "असं जमतं?"

"जमतं की. छेडायला अंगठा पुरतो."

"मग तेव्हाच का नाही केलंस रे?"

तो वाजवायचं थांबला. "तेव्हा कुणी सांगितलं असतं ना, तर मी गिटार त्याच्या डोक्यात घातली असती." मग तार पुन्हा छेडत म्हणाला, "उजव्या हाताला काहीच येत नाय गं. पोरासारखं पहिल्यापासून शिकावं लागतं. तेवढा धीर तेव्हा कुठनं आणायचा?"

मी त्याच्याशेजारी बसले. त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. सूर चुकत होते. उजवा हात नको तिथं पडायचा, तो शिवी घालायचा आणि पुन्हा मागून सुरू करायचा. चुकताना मी त्याला इतका खूश कधी बघितला नव्हता. कार्यक्रमात वाजवशील का, असं मी विचारलं तर म्हणाला, "कशाला? इथं बरं हाय."

वहिनी चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देत म्हणाली, "ताई, रोज हेच चाललंय बघा. दिवाळीच्या आधीपासून हे एकच गाणं. तुमी तरी सांगा यांना, दुसरं काहीतरी घ्या म्हणावं."